काळे वटवाघूळ-फूल घरात वाढवताना

टाका चँट्रिएरी, म्हणजेच काळे वटवाघूळ-फूल, घरात वाढवायला अवघड आहे असा त्याचा लौकिक आहे आणि माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. या झाडाला दमट हवा लागते, पण चिंब मुळे अजिबात सोसत नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे ज्याला जमले, त्याचे बाकीचे सहज निभावते.

झाड घरात आणले जाते ते अर्थातच फुलासाठी. पानांच्या बेचक्यातून वर आलेल्या दांड्याच्या टोकाला दोन मोठी छदे, म्हणजे फुलांच्या बुडाशी येणारी पानासारखी अंगे, पंखांसारखी उभी राहतात आणि आपण फूल म्हणून ज्याचे कौतुक करतो, ती खरे तर ही छदेच होत. खरी फुले त्यांच्या खाली झुबक्याने, माना घालून लोंबतात, आणि त्यांच्यामधून निघालेल्या लांबलचक मिशा पार खालच्या पानांपर्यंत उतरतात. छदाच्या मागून उजेड आला की हा काळा रंग मुळात गडद जांभळा-तांबूस आहे, हे लक्षात येते. एवढा थाट माश्यांना भुलवण्यासाठी असावा, असा तर्क केला जात असे. परंतु चीनच्या युन्नान प्रांतातील या झाडांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती बहुतांशी स्वपरागणानेच, म्हणजे स्वतःच्याच परागकणांनी, बी धरतात, असे आढळले. (मग हा सारा डामडौल कशासाठी, हे कोडे मला अजूनही मोहवते.)

दक्षिण चीनपासून मलेशियापर्यंतच्या जंगलांत हे झाड मोठ्या वृक्षांच्या सावलीत, कुजलेल्या पाल्याच्या भुसभुशीत थरात वाढते. वर्षावनातले झाड म्हटले की माणूस रोज पाणी घालू लागतो, आणि तिथेच घात होतो. जंगलातल्या त्या थरातून पाणी चटकन निथळते. कुंडीत दाबून भरलेल्या बागेच्या मातीतून निथळत नाही, आणि मूलक्षोड, म्हणजे जमिनीखाली वाढणारे जाड खोड, कुजू लागते. हे झाड कोनफळाच्या कुलातले आहे, हे ध्यानात ठेवले तर असा मांसल भाग सतत ओला राहून का चालत नाही, ते वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून मी झाडाच्या सालीचे तुकडे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके, पांढरे खनिज कण) यांचे मिश्रण करून त्यात थोडे गांडूळखत घालते. वरचा थर बोटाला कोरडा लागला की भरपूर पाणी द्यावे आणि ताटलीत उतरलेले लगेच ओतून टाकावे.

पानांवर फवारा मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मला तो पटत नाही. त्याने आलेला दमटपणा थोड्याच वेळात उडून जातो आणि हवा कोंदट असेल तर पानांवर बुरशीचे डाग मात्र पडतात. त्यापेक्षा लहानसा ह्युमिडिफायर लावावा किंवा कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्यात. हवा कोरडी पडली की पानांची टोके करपतात आणि लाल कोळी ही बारीक कीडही लागते, म्हणून पानांची खालची बाजू अधूनमधून पाहत जावी. थेट ऊन नको, पातळ पडद्यातून आलेला उजेड पुरतो. तापमान साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये, आणि एसीचा झोत तर अंगावर नकोच.

नवे रोप हवे असेल तर बियांपेक्षा विभागणी बरी, कारण बी रुजायला कित्येक महिने घेऊ शकते. उबदार दिवस सुरू होताना मूलक्षोडाचे डोळे असलेले तुकडे स्वच्छ सुरीने कापावेत, कापलेली बाजू सुकू द्यावी आणि मगच ते लावावेत; नवे पान दिसेपर्यंत पाणी अगदी बेतानेच द्यावे.