नसलेल्या गावची नवरी

मला पानाप्रमाणे पैसे मिळतात, त्यामुळे एका पानावर किती वेळ घालवायचा ते माझं मलाच ठरवावं लागतं. जुलैतल्या त्या पानावर मी चाळीस मिनिटं घालवली आणि एवढं करून एक नसलेलं गाव वसवलं.

कामाचं थोडं सांगते. सकाळी मी पुण्यात जर्मनच्या शिकवण्या घेते आणि दुपारी जर्मनीतल्या लोकांना त्यांचेच जुने कागद वाचून देते. तिकडे १९४१ पर्यंत शाळेत जी वळणं शिकवत, ती आजच्या जर्मन माणसाला वाचता येत नाहीत. त्या जुन्या धावत्या लिपीला कुरेंट म्हणतात. आपल्याकडे मोडीचं जे झालं तेच तिचं झालं: पणजोबांचं पत्र पेटीत आहे, पण घरात ते वाचणारं कुणी नाही. कुरेंटमध्ये 'ए' आणि 'एन' ही सख्खी जुळी भावंडं, दोन उभ्या रेघा आणि मध्ये एक तिरकी. 'यू'च्या डोक्यावर चंद्रकोर काढतात ती एवढ्यासाठीच, की तो निदान 'एन'पासून वेगळा ओळखू यावा. ओळ संपली आणि शब्द उरला तर तो तोडून दोन बारीक रेघा मारतात आणि उरलेला खाली लिहितात. या दोन बारीक रेघांनीच माझा घात केला.

गिऱ्हाईक म्हणजे बव्हेरियाच्या पूर्वेच्या जंगलपट्ट्यातले एक निवृत्त शिक्षक. मी त्यांना मनातल्या मनात गुरुजी म्हणते, समोर अर्थात 'हेर', म्हणजे श्रीयुत, अमुकतमुक. ते आपल्या शेतघराचा इतिहास लिहीत होते. घराण्याचा नव्हे, घराचा. त्या भागात शेतघराला स्वतःचं नाव असतं आणि घरात राहणाऱ्यांना लोक त्याच नावाने हाक मारतात. घरजावई आला की कागदावर त्याचं आडनाव काही का असेना, गावात तो त्या घराचा. त्यामुळे दीडशे वर्षांत तीन आडनावं पालटलेलं घर गावाच्या तोंडी एकाच नावाचं राहतं. गुरुजींना हवं होतं ते हेच: घरात कोण कधी आलं, कुठून आलं.

सरकारी जन्म-विवाह नोंदणी अख्ख्या जर्मनीत १८७६ पासूनची. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. कॅथलिक चर्चने १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत अशा वह्या ठेवायला सांगितलं. पासाउ धर्मप्रांताच्या वह्यांची छायाचित्रं आज मॅट्रिकुला नावाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. गुरुजी तिथून पानं निवडत आणि मला पाठवत.

त्या पानावर अठराव्या शतकातलं एक लग्न होतं. रकाने नाहीत, लॅटिन आणि जर्मनची खिचडी, शाई कागदातून पलीकडे झिरपलेली. नवऱ्याचं नाव स्पष्ट होतं. मग नवरीचं पहिलं नाव, त्यापुढे ओळीच्या शेवटी 'श्लाग'. त्याच्या पुढचा भाग वहीच्या शिवणीत, सावलीत गेलेला. खालच्या ओळीत 'इंटवाइटिन'. पुढे बापाचं नुसतं पहिलं नाव आणि तो वारल्याची खूण.

श्लाग म्हणजे प्रहार, तोड. आणि जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जागेलाही श्लागच म्हणतात. त्या भागात श्लाग नावाच्या वाड्या आहेत. जंगल साफ करून वसवलेल्या गावांच्या नावांत 'रॉइट' येतं, फिलिप्सरॉइट, बिशोफ्सरॉइट, तसंच हे. म्हणून मला वाटलं, हे गाव. खालचा 'इन' म्हणजे 'मध्ये'. त्याला चिकटलेला 'टी' मला 'डेर' या उपपदाचं आखूड रूप वाटला. आणि 'वाइटिन'? बव्हेरियन बोलीत 'ट' आणि 'ड'ची सतत अदलाबदल होते, शेवटचा 'ग' लिहिणारा विसरला असेल, म्हणजे वायडिंग! वायडिंग नावाची गावं खरीच आहेत. एक 'काम' नावाच्या जिल्ह्यात, एक श्वानडॉर्फ जिल्ह्यात. मी जवळचं, 'काम'चं निवडलं. तक्त्यात लिहिलं: 'नवरीचं आडनाव: दिलेलं नाही. गाव: श्लाग, वायडिंगजवळ.' शेजारी प्रश्नचिन्हसुद्धा टाकलं नाही. या धंद्यातलं हे खरं पाप. चूक सगळ्यांचीच होते, पण प्रश्नचिन्ह टाकायला पैसे पडत नाहीत.

आठवड्याने, तिकडे सकाळचे आठ आणि इकडे साडेअकरा वाजले असताना, फोन आला. बाहेर पाऊस, घरात वीज गेलेली, लॅपटॉपवर तीस टक्के.

"फ्राउ डोईफोडे," गुरुजी म्हणाले. ते 'डो-इफो-डे' असं तीन हप्त्यांत म्हणतात. "मी काल वायडिंगला जाऊन आलो."

माझ्या पोटात खड्डा पडला.

"सूप छान होतं," ते म्हणाले. "श्लाग मात्र नाही. ज्यांना विचारलं त्यांच्यात सर्वांत म्हातारे ब्याण्णव वर्षांचे होते. त्यांच्या लहानपणीही नव्हतं म्हणाले."

मी माफी मागायला सुरुवात केली, पण त्यांना माफीत रस नव्हता. त्यांनी मला पान उघडायला सांगितलं आणि दोन ओळी मोठ्याने, मध्ये न थांबता वाचायला लावल्या. मी वाचल्या. श्लागिंटवाइटिन.

"आता शेवटचं 'इन' काढा."

तेव्हा डोक्यात उजेड पडला, आणि चेहरा तापला तो वेगळाच. जुन्या बव्हेरियन नोंदीत बाईच्या आडनावाला 'इन' जोडतात. म्युलरची मुलगी म्युलरिन. आपल्याकडे पाटलाची पाटलीण आणि कुलकर्ण्यांची कुलकर्णीण, तसंच. हे मी दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवते. नवरीला आडनाव होतं आणि ते होतं श्लागिंटवाइट. मी त्याचे तुकडे करून त्यातून तिला माहेर बांधून दिलं होतं.

"आमच्या भागातलं आहे हे," गुरुजी म्हणाले. "फार थोडे आहेत. पण तुम्हाला ते माझ्याआधी ठाऊक असायला हवं होतं. ते लोक तुमच्याकडे येऊन गेलेत."

त्यांनी सांगितलं ते मी नंतर पडताळून पाहिलं. योझेफ श्लागिंटवाइट १७९१ साली रेगेन गावी जन्मला, पुढे म्युनिकमध्ये डोळ्यांचा नावाजलेला डॉक्टर झाला. त्याच्या मुलांपैकी हेरमान, आडोल्फ आणि रोबेर्ट हे तिघे निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टच्या शिफारशीवरून ईस्ट इंडिया कंपनीच्या कामावर निघाले आणि ऑक्टोबर १८५४ मध्ये मुंबईला उतरले. तिथून दख्खन ओलांडत मद्रास, मग हिमालय. हेरमान आणि रोबेर्टने १८५६ मध्ये कुनलुन पर्वत ओलांडला. आडोल्फ पुढच्या वर्षी काशगरमध्ये गेला. तिथल्या वली खानाने गुप्तहेर समजून त्याचं डोकं उडवलं. पुढे तिबेटच्या वाटांचं मोजमाप करून नाव कमावलेले नैनसिंग रावत पहिल्यांदा कामाला लागले ते याच भावांकडे.

मला त्यातली आडनावाचीच गोष्ट जास्त गमतीची वाटते. कुनलुन ओलांडल्याबद्दल बव्हेरियाच्या राजाने हेरमानला १८६४ मध्ये एक जोडनाव दिलं: साक्युनल्युन्स्की. कुनलुनच्या पलीकडचा. मूळ नमुना रशियन. बाल्कन ओलांडणाऱ्या सेनापती डीबिचला झारने 'साबाल्कान्स्की' केलं होतं, त्याची ही नक्कल. म्हणजे राघोबादादांना पेशव्यांनी 'अटकपारे' हे आडनाव बहाल करावं, तसं. तेरा अक्षरी जर्मन आडनाव, त्याला जोडून रशियन शेपूट, शेपटात मध्य आशियाचा डोंगर. टपालखात्याची दया येते.

पण फोनवर आम्ही या कशाबद्दल बोललो नाही. आम्ही अर्थावरून भांडलो.

गुरुजींचं म्हणणं होतं की हे लाकूडतोड्याचं नाव. जुन्या जर्मनमध्ये 'विटू' म्हणजे लाकूड; हुदहुद पक्ष्याला जर्मनमध्ये वीडेहोप्फ म्हणतात त्यातला 'वीडे' तोच, आणि बव्हेरियात ज्युनिपरच्या झुडपाला क्रानेविट म्हणतात त्यातला 'विट'ही तोच. श्लाग-इन-विट, लाकडावर घाव घाल. जंगलपट्ट्यात याहून साजेसं काय असणार?

ऐकायला सुरेख होतं. पण एकदा तोंडावर आपटलेली मी, आता दबकत का होईना, बोलले. "हेर लेहरर, तो 'इ' ऱ्हस्व आहे. ऱ्हस्वाचा 'आय' कसा होईल?"

मी समजावू लागले: मध्ययुगीन जर्मनमधला दीर्घ 'ई' तुमच्याच भागात बाराव्या शतकापासून 'आय' होत गेला. 'वीन'चं वाइन झालं, 'त्सीट'चं त्साइट झालं, 'मीन'चं माइन झालं. 'विटू'तला ऱ्हस्व 'इ' त्या वाटेने गेला नाही, म्हणून तर हुदहुद 'वीडे'च राहिला आणि झुडूप 'विट'च. 'वाइट' व्हायला मुळात दीर्घ 'वीट' लागतो, आणि त्याचा अर्थ रुंद, दूर, ऐसपैस. मधला 'इंट' म्हणजे 'इन डी' घाईत म्हटलेलं. श्लाग इन डी वाइट: दूरवर हाण.

पलीकडे शांतता. मग खुर्ची करकरल्याचा आवाज. "हं," गुरुजी म्हणाले. जर्मन माणसाचं 'हं' हे आपल्याकडच्या जाहीर सत्काराच्या बरोबरीचं असतं.

अशा आडनावांना जर्मनमध्ये 'झात्सनामं' म्हणतात, वाक्यनावं. अख्खं वाक्य, बहुधा आज्ञार्थी, गोठून आडनाव झालेलं. हेबेनश्ट्राइट: भांडण सुरू कर. हाउएनशिल्ड: ढाल फोड. श्लुकेबीअर: बिअर ढोस. श्लागिनहाउफेन: घोळक्यात घुसून हाण, या नावाच्या एका पाद्र्याने मार्टिन लूथरची जेवणाच्या टेबलावरची बोलणी टिपून ठेवली आहेत. ही नावं शिपायांना, फिरत्या कारागिरांना, कुठल्याशा टोळक्यातल्या दांडगटांना चिकटत. आधी चेष्टा, मग सवय, मग नातवंडांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत गंभीरपणे लिहिलेलं.

"तुमच्या आडनावाला अर्थ आहे का हो काही?" गुरुजींनी विचारलं.

"आहे. डोकं फोडणारे."

ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग मी त्यांना वाघमारे सांगितले, पोटफोडे सांगितले. वाघमाऱ्यांनी नेमके किती वाघ मारले हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

ही नावं दुर्मीळ का, त्याचं कारण सोपं आहे. म्युलर, श्मिट, श्नायडर ही जर्मनीतली पहिल्या तीन क्रमांकांची आडनावं: गिरणीवाला, लोहार, शिंपी. गावागावात गिरणी होती, म्हणून गावागावात स्वतंत्रपणे म्युलर जन्मले, जसे आपल्याकडे गावोगाव कुलकर्णी आणि पाटील. पण 'दूरवर हाण' हे एखाद्यालाच कुणीतरी म्हटलं असेल. बी एकच, म्हणून झाड एकच. माइन्त्सच्या अकादमीत २०१२ पासून जर्मन आडनावांचा मोठा डिजिटल कोश चालू आहे. त्याचे नकाशे २००५ मधल्या घरगुती टेलिफोनच्या यादीवरून काढलेले. त्यात म्युलरचा देश पूर्ण रंगतो. असल्या नावांना रंग नसतो, ठिपके असतात. श्लागिंटवाइट बव्हेरियाचे, तिथले ठिपके. त्यात १९७६ पर्यंत जर्मन कायद्याने लग्नानंतर नवऱ्याचंच आडनाव कुटुंबाचं व्हायचं. आमची नवरी त्या घरात आली तेव्हा नोंदीत श्लागिंटवाइटिन होती. तिच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या पानांवर ते नाव कुठेच नाही. एक ठिपका तिथेच विझला. गुरुजींना तीनशे पानी हस्तलिखितात तिच्यासाठी दीड ओळ मिळाली होती, आता अर्धं पान मिळणार होतं.

लॅपटॉप बारा टक्क्यांवर आल्यावर मी म्हटलं, वायडिंगच्या पेट्रोलचे पैसे माझ्या बिलातून कापून घ्या. ते म्हणाले, सूपचे कापतो.

वीज संध्याकाळी आली. त्या भावंडांच्या प्रवासाचे इंग्रजीतले चार खंड १८६१ ते १८६६ या काळात छापले गेले, आता ते संगणकावर वाचता येतात. तिसऱ्या खंडात काय असावं? भारत आणि तिबेटमधल्या स्थळनामांचा कोश. गावाचं नाव लोक कसं उच्चारतात, त्याचे तुकडे कुठे पडतात, प्रत्येक तुकड्याचा अर्थ काय. आमच्या नावांचे तुकडे हेरमान पाडत होता आणि दीडशे वर्षांनी त्याच्या नावाचे मी, आणि तेही चुकीच्या जागी. खरं तर जागाही फारशी चुकली नव्हती. 'श्लाग', मग 'इन डी', मग 'वाइट'. मी ते वाक्य म्हणून वाचलं, आणि कधीतरी ते वाक्यच होतं. फक्त त्यात गाव नव्हतं.

तक्ता उघडला. गावाचा रकाना रिकामा केला, आडनावाच्या रकान्यात तेरा अक्षरं एकेक मोजून भरली आणि बापाच्या मृत्यूच्या खुणेपुढे प्रश्नचिन्ह टाकलं, कारण ती खूण शाईचा डागही असू शकते. गुरुजींचं पुढचं पान येऊन पडलेलंच होतं. तिसऱ्या ओळीच्या शेवटी, शिवणीच्या सावलीत, पुन्हा काहीतरी अर्धवट होतं. मी त्यांना लिहिलं: वहीचं मूळ पान पाहायला मिळेल का, आणि तोवर कृपया गाडी काढू नका.