पावसाळ्यात सोसायटीचे उंदराचे पिंजरे चालू ठेवायचे म्हणजे... माझा अनुभव

आमची बिल्डिंग ठाणे पूर्वेला कोपरीत, जुनी, खाडी चालत जाण्याइतकी जवळ. त्यामुळे लोखंडाला गंज आणि पावसाळ्यात उंदीर हे दोन्ही ठरलेलं. जूनमध्ये मोठे पाऊस सुरू झाले की कंपाऊंडमधली, गटाराच्या कडेची बिळं पाण्याने भरतात आणि सगळी मंडळी वर येतात, आधी मीटर रूम, मग पंपाची खोली, मग जिन्याखालचं भंगार आणि शेवटी तळमजल्यावाल्यांचं किचन. सोसायटीचे पिंजरे माझ्या गळ्यात पडले कारण मी मीटिंगला उशिरा पोचले आणि तोपर्यंत सगळं ठरून गेलं होतं.

उंदीर सापडत नाही म्हटलं की प्रत्येकजण आमिषावर बोलतो. भजी लावा, चपाती लावा, पीनट बटर लावा. पिंजरा उलटा करून बघत कोणीच नाही. मी मे महिन्यात लॉफ्टवरून सगळे काढले तेव्हा निम्म्यांचं दार अर्ध्यावर अडकत होतं. जाळीच्या पिंजऱ्याचं यंत्र तसं साधं असतं, आत आमिषाचा आकडा, तो वरच्या दांडीला जोडलेला, दांडीच्या टोकाने उघडं दार धरून ठेवलेलं, उंदराने आकडा ओढला की दांडी सुटते आणि स्प्रिंग दार खाली आपटते. आता दांडीच्या टोकावर गंज चढला की ते खरखरीत होतं, सहज सुटत नाही, उंदीर आरामात खाऊन निघून जातो आणि आपण म्हणतो उंदीर हुशार झालेत. ते टोक कानशीने हलकं घासायचं, पॉलिश पेपर मारायचा, आणि दाराच्या बिजागरीत खोबरेल तेलाचा थेंब सोडायचा. शिलाई मशीनचं तेल, रॉकेल वगैरे नको, त्याचा वास राहतो. खोबरेल थंडीत गोठतं पण पावसाळ्यात काही प्रॉब्लेम नाही, आणि वासाने झाला तर फायदाच.

टेस्ट अशी करायची, पिंजरा लावून जमिनीवर जरा जोरात ठेवायचा, दार पडता कामा नये, आणि मग आकड्याला पेन्सिलने जरासं ओढलं की पडलं पाहिजे. या दोन्हीच्या मध्ये आणायला पक्कडीने दांडीचं टोक थोडंथोडं वाकवत बसावं लागतं, यातच सगळा वेळ जातो. (हात आत घालून टेस्ट करू नका, दाराच्या कडेची तार चांगलीच लागते.)

गंजाचं खरं औषध मला चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांनी सांगितलं. नायलॉन यायच्या आधी मासेमारीची सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवायचे म्हणे, त्याने जाळं कुजायचं नाही. त्यांनी मला विचारलं, ‘अगं, मग तू चहाच्या चोथ्यात का नाही उकळत?’ मला वाटलं चेष्टा करतायत. पण सालीत आणि चहात टॅनिन असतं, ते गंजाला लागलं की निळसर काळा थर तयार होतो आणि पुढचा गंज जरा हळू चढतो. नंतर व्हिडिओत बघितलं तर थंड देशांत फरसाठी प्राणी धरणारे लोकही लोखंडी सापळे रंग सोडणाऱ्या लाकडाच्या नाहीतर सालीच्या पाण्यात उकळतात आणि मग मेणात बुडवतात. म्हणजे काका बरोबरच होते.

तर मी जुन्या पत्र्याच्या डब्यात, जेवणाच्या भांड्यात अजिबात नाही, आधी धुण्याचा सोडा घालून सुटे पार्ट उकळले, कारण तेलकटपणा राहिला तर काळा थर धरत नाही. मग पाणी बदलून आठवडाभर साठवलेला चहाचा चोथा. नुसत्या लोखंडाचे आकडे आणि खटक्याच्या सापळ्यांचे लोखंडी भाग मस्त काळे झाले. ज्या जाळीवर जस्ताचा मुलामा शाबूत आहे ती मात्र उकळायची नाही, तारेच्या ब्रशनेही जोर लावून घासायची नाही, मुलामा गेला की पुढच्या पावसात जाळी संपली.

लाकडी पाटीच्या खटक्याच्या सापळ्यांचं दुखणं वेगळं. जुलैच्या हवेत पाटी पाणी पिते, फुगते, वाकते, आणि खटका एकतर बसतच नाही नाहीतर आपोआप सुटतो. पाटी कोरडी असताना मेणात बुडवली की सुधारते. मेण थेट गॅसवर वितळवायचं नाही, पेट घेतं, पाण्याच्या पातेल्यात दुसरा डबा ठेवून त्यात वितळवायचं. मी गणपतीतल्या उरलेल्या मेणबत्त्या वापरल्या.

आता वासाचं. आमच्या वॉचमनदादांना प्रत्येक गोष्ट फिनाईलने धुवायची सवय, आणि फिनाईलने धुतलेल्या पिंजऱ्याकडे उंदीर बरेच दिवस फिरकलाच नाही. पण न धुता चालत नाही, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत केवढी साथ आली होती ते आठवत असेल. म्हणून मी रबरी ग्लोव्हज घालते, हाताला चीर असेल तर त्या दिवशी हात लावत नाही, आणि ब्लीचचं पाणी करते, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी. पिंजरा दहा मिनिटं ओला राहू द्यायचा, मग साध्या पाण्याने भरपूर धुवायचा, नाहीतर ब्लीचच लोखंड खातं. ब्लीचचा वास उडून जातो, फिनाईलचा चिकटतो. वाळवणं हा जुलैमधला मोठा विनोद आहे, ऊन नसतंच, शेवटी मी पंख्याखाली ठेवते आणि आमचे हे नाक मुरडतात. आणि हो, नंतर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना पिंजऱ्यांचं काम करता हे आधी सांगा, ते अंगावर काढायचं दुखणं नाही.

लावताना भिंतीला लागून लावायचा, उंदीर भिंतीला मिशा घासत जातो, मोकळ्या मधल्या जागेत फिरत नाही. आणि नवीन वस्तूला तो घाबरतो, म्हणून पहिले काही दिवस मी दार तारेने उघडं बांधून ठेवते आणि आत खायला ठेवते, खाऊ दे बिनधास्त, मग एका रात्री तार काढायची. या फुकटच्या खाण्यावरून सेक्रेटरी माझ्यावर भडकले होते, ‘मॅडम, आपण उंदीर पाळतोय का?’ पण तार काढली त्या रात्रीच दार पडलं तेव्हा गप्प झाले. आमिष आकड्याला शिवणाच्या दोऱ्याने बांधायचं म्हणजे ओढावंच लागतं. सुका बोंबील जरासा भाजून, त्याच्यासारखं काही नाही, भज्याला दमट हवेत लगेच बुरशी येते आणि मुंग्या आधी पोचतात. पण श्रावणात दुसऱ्या मजल्यावरून तक्रार आली म्हणून सुकं खोबरं गॅसवर भाजून लावते, बरं चालतं. गणपतीच्या दिवसांत एका आजींच्या मजल्यावर पिंजरा लावत नाही, त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही.

चिचुंद्री सापडली तर सोडून द्या प्लीज. ती उंदीर नाहीच, झुरळं खाते, फक्त वास मारते. तो पिंजरा मात्र परत नीट धुवावा लागतो. चिकट गमाचे पॅड आम्ही बंद केले, एकदा त्यात पाल आणि चिचुंद्रीचं पिल्लू दोन्ही अडकलेलं बघितलं, रात्रभर जिवंत, ते मला बघवलं नाही. प्राणी कल्याण मंडळानेही त्या पॅडच्या विरोधात सूचना काढलेल्या आहेत. सापडलेल्या उंदरांसाठी पेस्ट कंट्रोलवाल्याशी ठरवून घेतलंय, तो सकाळी येऊन नेतो, नाल्यापलीकडे सोडून यायचं काम आम्ही करत नाही, पलीकडेही माणसंच राहतात.

दिवाळीच्या साफसफाईत सगळे परत धुऊन, वाळवून, बिजागरीला तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळून लॉफ्टवर. ठेवताना दार बंद ठेवायचं, लावलेल्या स्थितीत ठेवला तर स्प्रिंग सहा महिने ताणलेली राहते आणि ढिली पडते. यंदा दोन पिंजऱ्यांच्या स्प्रिंग गेल्यात, सेक्रेटरी नवीन पिंजरेच घ्या म्हणतायत. मी स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून नुसत्या स्प्रिंग मागवल्यात, त्याने सोमवारी या म्हणून सांगितलंय.