पाप्याचं पितर आणि २७० ग्रॅम

आमचा हंबीर जर्मन शेफर्ड. आणला तेव्हा दोन महिन्यांचा गुबगुबीत गोळा होता, साडेचार महिन्यांचा झाला तेव्हा नुसते पाय आणि कान. केसांमुळे एरवी कळायचं नाही, पण अंघोळ घातली की ओला हंबीर म्हणजे अगदी पाप्याचं पितर, बरगड्या, कमरेची हाडं सगळं दिसायचं. त्यात खाण्याची ही नाटकं. ताट ठेवलं की येणार, एकदा हुंगणार, माझ्याकडे असं बघणार की जसं काही मी कोणाचं उष्टं वाढलंय, आणि जाऊन फॅनखाली पडणार.

मग आम्ही जे सगळे करतात तेच केलं. ड्राय फूडच्या कोरड्या दाण्यांवर चिकनचं पाणी घातलं, दोन दिवस खाल्लं. मग दही, एक दिवस. मग उकडलेलं अंडं, मग चिकनच. शिऱ्यातले काजू वेचून शिरा ठेवणारी पोरं असतात ना, तसा हा चिकन वेचायचा आणि दाणे जसेच्या तसे वाटीत. दाणे चाटून स्वच्छ करून ठेवायचा, ते कौतुक वेगळं. मग मी हाताने भरवायला लागले. हो, ऑफिसला जायच्या आधी अर्धा तास जमिनीवर बसून एकेक दाणा.

दुकानदाराने सांगितलं वाढतं कुत्रं आहे, हाडं मजबूत व्हायला पाहिजेत, कॅल्शियमचं सिरप आणि वजन वाढायची पावडर न्या. दोन्ही आणली. नशीब, सिरप चारच दिवस दिलं आणि मग लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांना सहज सांगितलं, तर ते जवळजवळ ओरडलेच. म्हणाले, "मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम अजिबात नको." कारण लहान पिल्लांना, साधारण सहा महिन्यांपर्यंत, जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं अंगात शोषलं जातं, आणि मग हाडं वेडीवाकडी वाढतात, सांधे बिघडतात. लार्ज ब्रीड पपीच्या चांगल्या फूडमध्ये ते आधीच मोजून घातलेलं असतं. आणि वजन झपाट्याने वाढवणं तर आणखी वाईट, कोवळ्या सांध्यांवर भार येतो. त्यांनी लॅब्राडॉरवरच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, २००२ साली छापलेला, ४८ कुत्री, एकाच विणीतल्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला, तेही आयुष्यभर. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा कुरकुरले. मी तिथे बसून मनात म्हणतेय, मी इथे पावडर आणलीय आठशे रुपयांची.

तरी त्यांनी बारीक असण्याचं कारण शोधलंच. शीची तपासणी, जंत नाहीत. गोचीड ताप असेल तरी भूक जाते म्हणून रक्त बघितलं, तेही नॉर्मल. मग मला हात पुढे करायला लावला. मूठ वळून बोटांच्या सांध्यांवरून दुसरा हात फिरवा, बरगड्या अशा टोचल्या तर कुत्रं खरंच रोड. हात सपाट धरून मागच्या बाजूने फिरवा, हाडं लागतात पण टोचत नाहीत, असं पाहिजे. तळव्यासारखं मऊ लागलं तर जाड. हंबीर मधला निघाला. ९ पैकी ४ मार्क (१ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे लठ्ठ), आणि म्हणे या परीक्षेत ४-५ च चांगले!

मग ते म्हणाले, "आठवडाभर याच्या तोंडात काय काय जातं ते लिहा. सगळं."

फ्रीजला कागद लावला. पहिल्या दोन दिवसांत कोणी खरं लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मावशींनी अर्धी भाकरी लिहायला सांगितली (त्या बिचाऱ्या प्रामाणिक), आणि मग सगळ्यांचीच गाडी रुळावर आली. सासरे पहाटे फिरून आले की दूध आणि दोन पोळ्या कुस्करून. मुलाच्या डब्यातली अर्धी पोळी. खाली वॉचमनकाका सहा ग्लुकोज बिस्किटं, एकेक साधारण २५ कॅलरीचं. सासूबाईंनी शेवटी कबूल केलं की कधीकधी आमटीभात पण, "वास घेत उभा राहतो गं, जीव तुटतो." आमटीत लसूण, कांदा, दोन्ही कुत्र्याला विषारी, ते मात्र त्याच दिवशी बंद.

हिशोब मांडला. १६ किलोच्या, चार महिने उलटलेल्या पिल्लाला दिवसाला साधारण ११०० कॅलरी लागतात. वरचं खाणं ७०० च्या आसपास. राहिल्या ४००. आणि दाणे किती खायचा, तर ११० ग्रॅम, म्हणजे ४०० च! पोरगं हिशोबात आमच्या सगळ्यांपेक्षा पक्कं होतं, त्याला भूकच नव्हती. फक्त जे खात होता त्यात निम्म्याहून जास्त पोळी आणि बिस्कीट.

नवीन नियम असे की वजनकाट्यावर मोजून दिवसाला २७० ग्रॅम, तीन वेळा ९०, वर काही नाही. ताट १५ मिनिटं, मग उचलायचं, पुढच्या वेळेपर्यंत फक्त पाणी. एप्रिल होता, सांगलीचं ऊन, म्हणून दुपारचं जेवण संध्याकाळवर ढकललं. दुधाचे दात पडत होते (एक मला चपलेत सापडला), म्हणून दाणे दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवायचे. पहिल्या दिवशी दोन ताटं परत. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत काही नाही, सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं की खेळतोय, पाणी पितोय, उलटी-जुलाब नाहीत तर थांबा, मलूल झाला तर लगेच आणा. अगदी छोट्या जातीच्या पिल्लाला असं उपाशी ठेवायचं नसतं, साखर उतरते. रात्री साडेनऊला ९० ग्रॅम संपले, वाटी फरशीवर ढकलत पार दारापर्यंत नेली.

आता सात महिने, २५ किलो, दाणेही वाढलेत. खालचे लोक अजून विचारतात, खायला घालत नाही का हो याला. वरचं खाणं दहा टक्क्यांपर्यंत चालतं, म्हणजे आमच्या हिशोबात दिवसाला एक पोळी, आणि ती कोणी द्यायची यावरून भांडणं, म्हणून कॅलेंडरवर पाळ्या लिहिल्यात. आज माझी होती. सासऱ्यांनी सकाळीच येऊन विचारलं, "गुरुवार मला दे, त्याबदल्यात आठवडाभर दूध मी आणतो." दिला.