अनारसा हसला, तेव्हा कुठे कादंबरी हलली

स्वयंपाक हीच जादू, अशा एका काल्पनिक राज्याची कादंबरी मी दोन वर्षं लिहीत होते. पहिल्या खर्ड्यात नायिका मंत्र पुटपुटायची की पंगत तयार. मैत्रिणीने वाचून एवढंच विचारलं, “मग ही पहिल्याच प्रकरणात राजाला जेवू घालून मोकळी का होत नाही?” मला उत्तर देता आलं नाही. चार महिने वही उघडली नाही.

त्या दिवाळीत आईच्या हाताखाली अनारसे केले. तांदूळ 3 दिवस भिजत ठेवायचे, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी निथळून कापडावर पसरायचे, दमट असतानाच दळून बारीक चाळायचे. मग किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळलेला गोळा डब्यात 4-5 दिवस मुरू द्यायचा. अनारसा खसखशीवर थापायचा, तुपात सोडताना खसखस वर. उलटायचा मात्र नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं.

माझा पहिलाच अनारसा कढईत विरघळत पसरला. “हसला गं,” आई म्हणाली. गूळ जास्त झाला होता. तिने बाजूला राखलेलं कोरडं पीठ मूठभर मिसळलं आणि पुढच्याला सुरेख जाळी पडली.

मी कढईसमोरच उभी राहिले. जादूला दिवस लागतात, ती घाईने होत नाही आणि ऐन वेळी हसूही शकते. हेच तर मी शोधत होते!

जादूचा दुसरा नियम महाभारतातल्या नळ राजाने दिला. यमाने त्याला अन्नातल्या रुचीचा वर दिला होता. रूप पालटून, बाहुक होऊन तो ऋतुपर्ण राजाच्या पदरी राहिला. पण दासी केशिनीने त्याच्या हातचं मांस आणून दिलं आणि ते चाखताच दमयंतीने नवरा ओळखला. म्हणजे वेश बदलता येतो, हाताची चव लपत नाही. माझी नायिका राज्यातून पळालेली. आता तिने कुणालाही घासभर भरवलं, की तिचा पत्ता लागणार. मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. सात प्रकरणं मी काढून टाकली, वाईट वाटलं नाही.

नवा खर्डा आईला वाचून दाखवला. शेवटच्या मोठ्या प्रसंगाशी तिने मला थांबवलं. “अगं, दुसऱ्या दिवशी हिने पाणी कुठे बदललं? तांदूळ आंबूस होतील.”

ती चूक मी दुरुस्त केली नाही. त्याच रात्री बसून ती नायिकेच्या पदरात घातली. तिचा अनारसा भर दरबारात हसतो, तो त्या न बदललेल्या पाण्यामुळे.