नदी लाईटीवर चालती

एप्रिलचा शेवटचा आठवडा. कोल्हापूरच्या भोगावती नदीवर हळदी बंधाऱ्याच्या खाली आम्ही दोघं गुडघ्यापेक्षा थोड्या जास्त पाण्यात उभे. काठापासून काठापर्यंत दोर ताणलेला आणि दर दोन मीटरवर खुणेची चिंधी बांधलेली. प्रत्येक खुणेला दांडा रोवायचा, खोली बघायची, पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पट खाली वेग मोजणारा करंट मीटर धरायचा आणि त्याचे कप किती वेळा फिरले ते मोजायचं. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार मांडून सगळ्या पट्ट्यांची बेरीज केली की प्रवाह निघतो. काम सोपं, पण कंबर मोडते.

सकाळी सहाला सुरू केलं. आकडा आला ३४० क्यूसेक, म्हणजे सेकंदाला ३४० घनफूट.

या दिवसांत भोगावतीत नदीचं स्वतःचं पाणी जवळपास नसतंच. वाहतं ते राधानगरीचं, शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या धरणाचं. ८.३६ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) त्या साठ्यातलं पाणी पावसाळा येईपर्यंत पुरवायचं असतं. ३४० क्यूसेकने एक टीएमसी जेमतेम चौतीस दिवस टिकतं. म्हणून सोडलेलं पाणी आणि खाली पोचलेलं पाणी यांचा ताळा घालायला आम्हाला पाठवलं होतं.

दुपारी बाराला पुन्हा मोजलं. १७०!

पहिला संशय मीटरवर. कपात शेवाळ अडकलं असेल म्हणून काढून धुतला, हातावर फिरवून बघितला. भिंगरीसारखा फिरत होता. धरणावर फोन लावला. विसर्गात काल रात्रीपासून बदल नाही. बदल असता तरी तिथलं पाणी इथवर यायला बराच वेळ लागतो आणि मधले बंधारे त्याला आणखी रेंगाळायला लावतात. साहेबांना कळवलं तर म्हणाले, "तुमचंच काहीतरी चुकलंय. परत मोजा." परत मोजलं. १६८.

काठावर एक आजोबा म्हैस धूत होते. सकाळपासून आमची गंमत बघत होते.

"काय मोजतायसा?"

"पाणी, मामा. सकाळच्यापेक्षा निम्मं झालंय."

"व्हनारच की. आठला थ्री फेज आली न्हवं? नदी आता लाईटीवर चालती."

मी बंधाऱ्यावर चढलो. वरच्या अंगाला दोन्ही काठांवर मोटारी घुमत होत्या. दगडांवरून पाईप उसाकडे गेलेले, एका पाईपाच्या पाण्यातल्या तोंडाला, फूटव्हॉल्व्हभोवती, गोणपाट गुंडाळलेलं. सकाळी बरग्यांवरून, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायला घातलेल्या फळ्यांवरून, आठ बोटं पाणी सांडत होतं, आता पाचच. हिशेब तिथंच सुटला. सांडव्यावरचा प्रवाह उंचीच्या दीडाव्या घाताने बदलतो. आठाची पाच बोटं झाली की पाणी निम्म्यावर येतं. तीन बोटांचा फरक डोळ्यांना दिसतही नाही, आणि आमचा आकडा मात्र अर्धा! कॉलेजात हे सूत्र पाठ केलं होतं, पण कळलं इथं.

शेतकऱ्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही. मोटारींची थ्री फेज वीज आठच तास. तेवढ्यात भिजवलं नाही तर ऊस करपतो. उपसाबंदीचा आदेश निघाला की लोक चिडतात, त्यातही नवल नाही. पण खाली बालिंगा-शिंगणापूरला कोल्हापूर शहराचा उपसा आहे आणि त्याला थ्री फेजचं वेळापत्रक लागू नाही. धरणावरून आपण दिवसभर एकसारखं पाणी सोडतो आणि मागणी मात्र घड्याळ लावून एकदम उठते. ही चढउतार धरण आवरत नाही. तिचा थोडाफार धक्का सोसतात ते मधले बंधारेच, आणि त्यांचा साठा तो किती!

चारला लाईट गेली. मोटारी एकेक करून गप्प झाल्या तसा पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. आम्ही मुद्दाम थांबलो. सहाच्या सुमारास सोबत्याने हाक मारली, "सर, तुमचा डबा!" दुपारी कोरड्या दगडावर ठेवलेला डबा पाण्यात तरंगत निघाला होता. साडेसहाला सात बोटं पाणी होतं आणि वाढत होतं.

रात्री तक्ता भरायला घेतला तर प्रवाहासाठी दिवसाला एकच रकाना. साहेबांना विचारलं, यात काय घालू?

"सरासरी टाका."

रकान्यात सरासरी घातली, पेन्सिलने. समासात तिन्ही मोजण्या वेळेसकट लिहिल्या, आणि शेजारी थ्री फेजची वेळ.