‘कॉम्प्युटर’ माणूस होता तेव्हाच्या बातम्या

‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या २ मे १८९२ च्या अंकात ‘कॉम्प्युटर पाहिजे’ अशा मथळ्याची एक छोटी बातमी आहे. नौकानयनासाठी लागणारी ग्रहताऱ्यांची कोष्टके तयार करणाऱ्या अमेरिकी सरकारच्या कचेरीत कॉम्प्युटरच्या दोन जागा रिकाम्या होत्या. एका जागेचा पगार १,००० डॉलर, दुसरीचा १,४०० डॉलर, आणि परीक्षेचे विषय बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती व खगोलशास्त्र. कॉम्प्युटर म्हणजे हाताने आकडेमोड करणारा नोकरदार, हे बातमीत कोठेही समजावून सांगितलेले नाही, आणि मला तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. जो शब्द वार्ताहर न समजावता वापरतो, तो वाचकांच्या रोजच्या ओळखीचा असतो. इंग्रजीत हा अर्थ १६१३ पासून सापडतो. आपल्याकडे बंगाली गणितज्ञ राधानाथ सिकदार १८३१ साली भारताच्या जमिनीची मोजणी करणाऱ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात रुजू झाले, ते याच हुद्द्यावर.

मग हा शब्द माणसाकडून यंत्राकडे कधी गेला? शब्दकोशात पाहिले तर ‘इंजिनिअरिंग’ या नियतकालिकातील १८९७ चा उल्लेख मिळतो. तेथे एका वर्तुळाकार गणनपट्टीला (आकडे सरकवून हिशेब करण्याच्या ‘स्लाइड रूल’ला) कॉम्प्युटर म्हटले आहे. मात्र शब्दकोशातील पहिली नोंद म्हणजे अर्थ बदलल्याची तारीख, असे मानणे मला पटत नाही. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९३६ मध्ये, ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग गणनेविषयीच्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात कॉम्प्युटरच्या ‘मनःस्थिती’विषयी लिहितात आणि त्याच्यासाठी पुरुषवाचक सर्वनाम वापरतात, तेथे त्यांच्या डोळ्यांसमोर कागदपेन्सिल घेऊन बसलेला माणूसच आहे.

म्हणून जुन्या अंकांत शोध घेताना शब्दापेक्षा त्याचे शेजारी, म्हणजे आजूबाजूचे शब्द, वाचावेत, असे माझे मत आहे. त्याला सर्वनाम कोणते लावले आहे, तो नेमला जातो की बसवला जातो, त्याला पगार आहे की किंमत, यांवरून अर्थ निश्चित होतो. यासाठी संपूर्ण पान उघडून पाहावे लागते, कारण शोधयंत्राने दाखवलेल्या दोन ओळींत हे शेजारी बहुधा कापले गेलेले असतात. शिवाय जुन्या छपाईची छायाचित्रे यंत्राने वाचताना इंग्रजीतील ‘एम’ हे अक्षर अनेकदा ‘आर’ आणि ‘एन’ अशा दोन अक्षरांत फुटते, किंवा शब्द ओळीच्या शेवटी तुटलेला असतो, आणि मग समोर छापलेला शब्दही शोधात येत नाही. त्यामुळे ‘या वर्षाआधी हा शब्द आढळत नाही’ असे विधान करण्यापूर्वी अशी मोडकी रूपेही शोधून पाहणे आवश्यक आहे.

शेजाऱ्यांचे महत्त्व १५ फेब्रुवारी १९४६ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये स्पष्ट दिसते. फिलाडेल्फियात तयार झालेल्या, सुमारे १८,००० निर्वात नळ्यांच्या ‘एनिॲक’ या आकडेमोडीच्या विद्युत्‌यंत्राची बातमी देताना मथळ्यात ‘इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर’ असे शब्द आहेत. नुसत्या ‘कॉम्प्युटर’ने वाचकाला माणूस आठवण्याची शक्यता अजून होती; यंत्राची ओळख विशेषणाने पटवावी लागत होती. जुना अर्थ या मथळ्याने लगेच पुसलाही गेला नाही. कॅथरीन जॉन्सन १९५३ साली अमेरिकेच्या लँगली येथील विमानविद्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या, त्या आकडेमोड करणाऱ्या कॉम्प्युटर म्हणूनच. पहिल्या पानावर यंत्राने नाव घेतले असतानाही नोकरीच्या कागदांत ते माणसाकडेच होते, आणि अर्थबदलाचा काळ ठरवताना बातमीइतकेच हे कागदही पाहिले पाहिजेत असे मला वाटते.

पुढे विशेषणाने बाजू बदलली. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शकुंतलादेवींनी तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला. त्यांच्याविषयीच्या लेखनात ‘ह्युमन कॉम्प्युटर’ ही बिरुदावली पुनःपुन्हा भेटते. १८९२ च्या त्या बातमीत ‘ह्युमन’ हा शब्द जोडण्याचे कोणाच्या मनातही आले नसते.