शनवारा ते इतवारा

दुपारचं जेवण उरकलेलं, पंखा पाचवर आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर सहलीची यादी. खान्देशातल्या बहुतेक सहली इथंच जन्मतात आणि बऱ्याचशा इथंच संपतात. वर ठळक अक्षरांत ‘साउथ’, खाली मैसूर, हंपी, मदुराई. मग तिकिटांची वेटिंग दिसते, मुलांच्या परीक्षा आठवतात, कपाशीला पाणी द्यायचं असतं, आणि हाताशी उरतात ते फक्त शनिवार-रविवार. दोन दिवसांत कुठलं आलंय साउथ!

येतं की. नकाशा फक्त दिल्लीकडून धरायचा. मुघलांची दक्षिण सुरू व्हायची बऱ्हाणपुरात. दख्खनचा दरवाजा म्हणायचे त्याला. शहजादे, फौजा, वकील, व्यापारी, सगळे आधी इथं येऊन टेकायचे. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून बादशहाकडे निघाला, तोही आधी इथं शहजादा परवेझपुढे हजर झाला. सुरतेहून येणारी ती व्यापारी वाट नंदुरबार, थाळनेर, चोपड्यावरूनच यायची. म्हणजे जग ज्या गावासाठी आपल्या दारावरून गेलं, ते गाव आपल्याला रावेर ओलांडलं की लागतं. आणि आपण म्हणणार, “तठी काय पाह्याचं हाये भो? जिलेबी खायाची आन यायाचं.”

शिवाय या शहराच्या जुन्या दरवाजांची नावं बघा. एक शनवारा, एक इतवारा. वीकेंडसाठी याहून सरळ निमंत्रण कुठलं शहर देणार?

गाडीचं सोपं आहे. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीनं तास-सव्वा तास. सावदा, निंभोरा, रावेर, दोन्हीकडे केळीच केळी. रावेरनंतर कधीतरी राज्य बदलतं आणि केळीला ते कळतसुद्धा नाही. (रावेर आणि रावेरखेडी यांत गफलत करणारे दरवेळी एक तरी निघतात. बाजीराव पेशव्यांची समाधी रावेरखेडीला, तिकडे नर्मदाकाठी. रावेर स्टेशनावर उतरून ती शोधू नये.) मोटारीनं मुक्ताईनगरवरून आलात तर वाटेत इच्छापूरची देवी लागते. तिथं थांबायचंच असतं, ते यादीत धरू नका, प्रवासात धरा.

खरी गडबड पुढं होते. पत्रिकेच्या पाठीवर चौदा ठिकाणं लिहिली जातात आणि दोन दिवसांत चौदा ठिकाणं म्हणजे आराम नव्हे, ती पंचनाम्याची ड्युटी झाली. बऱ्हाणपूर निवांत पाहायचं तर पहिली काट असीरगडावर मारायची. जीव तुटतो, मान्य आहे. १६०१ साली अकबराला तो किल्ला मिळाला तेव्हा इथल्या फारुकी सुलतानांचं राज्य संपलं आणि खान्देशाचं नाव शहजादा दानियालवरून काही काळ ‘दानदेश’ झालं, एवढा मोठा त्याचा मान. पण तो शहराबाहेर वीस-बावीस किलोमीटरवर, खंडवा रस्त्यावर आहे. जाणं, चढणं, उतरणं धरून अर्धा दिवस गिळतो आणि उरलेला अर्धा दिवस पोटऱ्या गिळतात. त्याच्यासाठी पावसाळ्यातला वेगळा रविवार ठेवावा.

मग उरलेलं शहर वाटून घ्यायचं ते नदीनं. तापीच्या अलीकडचं शनिवारी, पलीकडचं रविवारी. पूल एकदाच ओलांडायचा.

बऱ्हाणपूरचं स्टेशन जुन्या शहरात नाही, बाहेर लालबागेत आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात नसतं. म्हणून लोक रिक्षा करून आधी शहरात जातात, लॉज घेतात, जेवतात आणि कुंडी भंडारा पाहायला पुन्हा उलटे लालबागेत येतात. उतरल्या उतरल्या तेच आधी करा. सामान हलकं असलं की झालं.

कुंडी भंडारा घाईत बघण्याची गोष्टच नाही. सातपुड्याच्या उतारावर पडलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि तापीकडे सरकू लागतं. ते वाटेतच अडवून, जमिनीखाली बोगदा खणून, अगदी थोडा ढाळ देत शहराकडे आणलेलं. मोट नाही, रहाट नाही, नुसता उतार. १६१५ च्या सुमाराचं हे काम. अब्दुर्रहीम खानखानान तेव्हा सुभेदार होता, तोच दोहेवाला रहीम. आखणी करणारा इराणी जाणकार तबकुतुल अर्ज. बोगद्यावर ठराविक अंतरानं विहिरीसारख्या कुंड्या आहेत, शंभराच्या वर. खणताना माती बाहेर काढायला त्या लागल्या, पुढं हवा खेळायला आणि पाणी शेंदायला कामी आल्या. ढाळ जास्त दिला असता तर पाण्यानं तळ कापत नेला असता, कमी पडता तर गाळ बसला असता. शेताला पाट काढणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, तो खाली वाकून बघतो आणि गप्प होतो.

एका कुंडीतून लिफ्टनं सुमारे ऐंशी फूट खाली उतरता येतं. लिफ्ट चालू आहे का, हे रिक्षात बसण्याआधीच विचारा, बंद असली तर वरून वाकून बघण्यावर समाधान मानावं लागतं. खाली पाय भिजतात, म्हणून बूट-मोजे नकोत, रबरी चप्पल बरी आणि पँट दुमडता येईल अशी. भिंतींवर पाण्यातल्या चुन्याची पुटं चढून त्या पांढऱ्या झाल्यात. हात लावून खरवडू नये. कुंडीचं लोकांच्या तोंडी ‘खुनी’ झालं, त्यामुळे बरोबरची पोरं मोठ्या आशेनं खाली उतरतात आणि गार पाणी बघून हिरमुसतात.

त्यानंतर जेवण आणि झोप. एक ते चार काहीही करू नये. हे आळसापोटी नाही सांगत. तापीकाठचं ऊन दिवाळीनंतरही दुपारी डोक्यात जातं आणि दगडी इमारतींच्या पायऱ्या तळपाय भाजतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस खरे. मे महिन्यात बऱ्हाणपूरला जाणाऱ्याला भुसावळचा उन्हाळा पुरत नाही असं समजावं.

चारनंतर शाही किल्ला. तापीच्या काठावर, बराचसा पडका. तरी हमामखान्यासाठी, म्हणजे शाही न्हाणीघरासाठी, जायचंच. छतावर रंगीत वेलबुट्टी अजून टिकून आहे, पण आत अंधार आणि नक्षी वर, त्यामुळे मोबाईलचा उजेड तोकडा पडतो. चांगली बॅटरी न्या आणि उजेड सरळ न मारता तिरपा मारा, मग रंग उठतात. तिथून गांधी चौकात जामा मशीद. राजा अलीखान फारुकीनं बांधली आणि आतल्या भिंतीवर अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरला, शके १५११ चा. नमाजाची वेळ टाळून, डोकं झाकून, पादत्राणं बाहेर ठेवून जावं आणि तो लेख दाखवायला कुणाला तरी विनंती करावी. लोक हौसेनं दाखवतात.

आता जिलेबी. इथली जिलेबी माव्याची, काळपट-तांबूस, करंगळीहून जाड. केशरी कुरकुरीत जिलेबीची अपेक्षा ठेवून पहिला घास घेणारा फसतो. ती चवीला गुलाबजामची सख्खी बहीण. दोघांत पावशेर पुष्कळ, अर्धा किलो घेतलं तर रात्रीच्या जेवणाचा विषय संपतो. घरी न्यायची तर गरम गरम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेऊ नका. वाफ आतच अडकते, जिलेबी लिबलिबीत होते आणि घरी पोचेपर्यंत तिचे तुकडे पडतात. निवू द्या, मग पुठ्ठ्याच्या डब्यात. न्यायला खरा सोयीचा दराबा. रवा, तूप, पिठीसाखर इतकं फेटायचं की जिभेवर ठेवताच विरघळतं. आठवडाभर त्याला काही होत नाही. अर्थात, आपल्या घरी तो आठवडा बघत नाही. आणि मांडे म्हटल्यावर हुरळून जाऊ नये. आपला मांडा खापरावरचा, पुरणाचा. तिथला मांडा मैद्याची हातभर रोटी, रश्श्याबरोबर खायची. नाव एक, घरं दोन. खापरावरच्या मांड्याची सर तिला नाही, पण हे बऱ्हाणपुरात मोठ्यानं बोलू नये.

रविवारी सकाळी लवकर पलीकडे. पलीकडचं गाव जैनाबाद. दोन्ही गावांना दोन सूफींची नावं, बुऱ्हानुद्दीन आणि जैनुद्दीन. दोघंही झोपलेत आपल्या खुलताबादला. थाळनेरचे फारुकी नदीकाठानं इकडे सरकले आणि दोन काठांना दोन नावं देऊन मोकळे झाले. मराठी माणसानं बोहरडा गावाजवळची मिर्झाराजे जयसिंगांची छत्रीही याच फेरीत धरावी. पुरंदरचा तह झाल्यावर दोनच वर्षांनी, १६६७ मध्ये, ते इथं वारले. तहाची कलमं आपल्याला शाळेपासून पाठ असतात, पुढं या माणसाचं काय झालं ते कुणी विचारत नाही.

रिक्षा मात्र जाऊन-येऊन ठरवा, थांबण्याच्या पैशांसकट आणि तेही अलीकडेच. पलीकडे परतीचं वाहन मिळत नाही आणि मग भाव तो म्हणेल तो.

शेवटी आहूखाना. आहू म्हणजे हरीण, बादशाही शिकारबाग होती. आता भोवती शेतं आणि मध्ये एक पडकी बारादरी. जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज बऱ्हाणपुरात गेली आणि तिला इथं पुरलं. डिसेंबरात तिला इथून हलवून आग्र्याला नेलं. पुढं काय बांधलं ते सगळ्यांनी पाहिलंय, घराघरात त्याच्यासमोरचा फोटो आहे. इथं फोटो काढण्यासारखं काही नाही. बाळंतपणात गेलेल्या बाईची सहा महिन्यांपुरती जागा, एवढंच. चौदा, हा आकडा इथं उभं राहून मोजला की बाकीचं काही सुचत नाही.

तेवढ्यात रिक्षावाला हॉर्न देतो.